सॉरी म्हणणारी त्राटिका

सांगतो, पण आधी एक कबुली देऊन टाकतो. या किश्श्यातलं किती मला खरोखर आठवतंय आणि किती मी चार लोकांत सांगून सांगून सजवलंय, याची मला खात्री नाही. साडी मी जांभळी होती म्हणतो, मंगल म्हणते मोरपंखी होती. मंगल म्हणजे माझी पत्नी. मुखवटा मी पिशवीतून आणला असं मला आठवतं, ती म्हणते, "अहो, जीपमध्ये तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन बसला होतात." असेल. तिची स्मरणशक्ती चांगली आहे आणि माझ्या बाबतीत तर फारच चांगली आहे.

तेव्हा तपशिलात थोडं मागंपुढं झालं तर चालवून घ्या. फजिती झाली आणि ती सर्वस्वी माझी झाली, एवढं मात्र नक्की.

जव्हारला माझा एक छोटा कारखाना आहे. कारखाना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे धुराडं आलं असेल तर ते पुसून टाका. रद्दी भिजवायची, तिचा लगदा करायचा, साच्यावर दाबून अंड्यांचे ट्रे काढायचे आणि उन्हात वाळवायचे. बारा माणसं, एक मशीन, आणि मशीन चालू केलं की जाणारी वीज. मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. कागदाच्या तंतूंवर माझी पीएच.डी. आहे. ज्याच्यावर एवढं लिहिलं ते एकदा हाताने करून बघावं, म्हणून निवृत्तीनंतर इथे आलो. पहिले तीन महिने माझ्याच्याने एक ट्रे धड निघाला नाही. सगळे कोपऱ्यात फाटायचे. शेवटी आमचा सुपरवायझर काशीनाथ म्हणाला, "सर, तुम्ही जरा बाजूला उभे रहा." मी बाजूला उभा राहिलो आणि ट्रे निघायला लागले.

दुसरा नाद जुन्या वस्तूंचा. पायल्या, कुलुपं, समया, अडकित्ते. यातही माझी अडचण अशी, की वस्तू घेताना मला ती दोनशे वर्षांची वाटते आणि घरी आणली की दोन वर्षांची. एकदा इथला शिरपामाळ बघायला आलेल्या एका गृहस्थाने मला ऐतिहासिक म्हणून एक दिवा विकला. त्याच्या बुडाशी 'धुताना घासणी वापरू नये' असा कागद चिकटलेला होता, तो मंगलने शोधला. तेव्हापासून मी एक वही ठेवली. वस्तू कुठली, कोणी दिली, तिच्याबद्दल कोण काय म्हणालं, सगळं लिहून ठेवायचं. माणूस विसरतो, वही विसरत नाही. ही वही लक्षात ठेवा.

तर, आमच्याकडे रद्दी निवडायला जानकीबाई येत. मोखाड्याच्या अलीकडचं एक गाव, तिथल्या. काशीनाथही त्याच गावचा, बाईंच्या नवऱ्याचा चुलत भाऊ. आदल्या वर्षी बाईंचा नवरा वारला होता. मूलबाळ नाही. एकदा त्या आठवडाभर तापाने घरी होत्या, म्हणून मी आणि काशीनाथ बघायला गेलो. चहा पिता पिता माझी नजर वर गेली. आढ्याला एक गाठोडं टांगलं होतं आणि फडक्यातून एक दात बाहेर आला होता.

"बाई, ते काय आहे?"

"त्राटिका."

काशीनाथने गाठोडं खाली घेतलं. आतून निघाला एक मुखवटा. सुपाएवढा चेहरा, लालभडक, गरगरीत डोळे, हातभर जीभ. आणि सगळा कागदाच्या लगद्याचा. माझा विषय आणि माझा नाद असे एकाच फडक्यात बांधलेले मी पहिल्यांदा बघत होतो. एक कान मात्र उंदरांनी कुरतडला होता.

"बाई, हा मला द्याल?"

"विकायचा नाय तो."

"विकत नको. मी जपून ठेवीन. काचेच्या कपाटात."

जानकीबाईंनी विचार केला. "उंदीर नाय ना तुझ्याकडं?"

"एकही नाही."

"मग ने. सांभाळ नीट."

संपलं. मी तो घरी आणला, पिशवीतून किंवा मांडीवरून, आणि कपाटात मधल्या फळीवर ठेवला. मंगल म्हणाली, "आता या घरात जुनं म्हणून विकायचे आपण दोघंच राहिलो."

पुढचा महिना सुखात गेला. मग एक दिवस काशीनाथ ओले ट्रे उन्हात मांडता मांडता म्हणाला, "सर, बोहाडा जवळ आला. यंदा त्राटिका तुमच्या घरून निघंल."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यात गावोगाव बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची सोंगं मुखवटे लावून संबळाच्या तालावर गावातून नाचत जातात, ती थेट उजाडेपर्यंत. प्रत्येक सोंगाचा मान ठरलेल्या घराचा. मी चार वर्षं जव्हारला राहून एकदाही गेलो नव्हतो. गर्दीत मला गुदमरतं आणि जागरणाने पित्त होतं.

"माझ्या घरून?" मी म्हटलं.

"मुखवटा तुमच्याकडं ना, सर."

मी घरी येऊन वही उघडली. मागे एकदा बोहाड्याबद्दल काहीतरी टिपलेलं आठवत होतं. सापडलं. माझ्याच अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: 'मुखवटा ज्याच्या घरी, सोंग त्यानेच नाचायचं.'

ही ओळ वाचली आणि मी वही मिटली. पण डोकं चालूच होतं. सुशिक्षित माणसाचं डोकं कसं चालतं बघा. मुखवटा पूर्वी जानकीबाईंच्या घरी, म्हणजे त्यांचा नवरा नाचत असणार. नवरा वारला. मूल नाही. म्हणूनच बाईंनी एवढ्या सहज मुखवटा मला दिला. त्या वस्तू देत नव्हत्या, वारस नेमत होत्या. आणि मी मूर्खासारखा त्यांना उंदीर नसल्याची ग्वाही देत बसलो.

रात्रभर मला दोन्ही गुडघे वेगवेगळे जाणवत होते.

सकाळी काशीनाथला गाठलं. "काशीनाथ, हे सोंग या वर्षी टाळता नाही येणार?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी लगद्यात सिमेंट घालू का म्हणून विचारलं. "टाळायचा कसा, सर? बाईंच्या घरचा मान हाय. माणूस गेला म्हणून मागल्या वर्षी सोंग निघाला नाय. यंदाही नाय निघाला तर मान दुसऱ्या घरी जाईल. गावातली दोन घरं टपून बसलीत. बाईंकडं आता त्या मानाशिवाय काय हाय?"

म्हणजे एका बाईच्या घरची अब्रू माझ्या दोन गुडघ्यांवर येऊन बसली होती. मी सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या, उगाचच, आणि म्हणालो, "ठीक आहे. मी नाचेन. तू मला शिकव."

काशीनाथच्या हातात ओला ट्रे होता. तो हातातच राहिला. त्यातून पाणी गळत होतं त्याच्या पायावर.

"तुम्ही, सर?"

"मग कोण? आता मागे हटणं बरं दिसेल का?"

त्याने ट्रे जपून उन्हात ठेवला, हात पुसले. मग म्हणाला, "बरं, सर."

त्याच्या या शांतपणाला मी आदर समजलो.

दुपारच्या सुटीत गोदामात सराव सुरू झाला. चारी बाजूंना ट्रेच्या थप्प्या आणि मध्ये मी, हातात लिंबाच्या डहाळ्या.

"पाय असा आपटायचा. मान अशी झटकायची. मग लोकांवर धावून जायचा."

"धावून गेल्यावर काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? घाबरवायचा, सर. राक्षसीण हाय ती."

"कोणाला लागलं-बिगलं तर?"

काशीनाथने डोकं खाजवलं. "सर, त्राटिका असा इचार नाय करत."

मी धावलो. अंड्यांच्या ट्रेची एक अख्खी थप्पी अंगावर घेतली. दारात बायका जमल्या होत्या. "कंबर हलव की, सर," एकीने सल्ला दिला. "पोत्यासारखा काय उभा राहतोस?" जानकीबाई सगळ्यांच्या मागे, तोंडाला पदर लावून. त्यांचे खांदे हलत होते. मला भरून आलं. नवऱ्याची आठवण येत असणार, दुसरं काय. मी डहाळ्या खाली ठेवून त्यांच्यापाशी गेलो.

"बाई, तुमच्या यजमानांसारखं काही मला जमायचं नाही."

"त्याला कुठं जमायचा," बाई पदराआडून म्हणाल्या आणि घाईघाईने बाहेर गेल्या.

किती सोशिक बाई, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं.

काशीनाथ मात्र शिकवायला पक्का. स्वतः करून दाखवायचा तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. एकदा मी म्हटलंसुद्धा, "तुला बरंच येतं रे."

"बघून बघून, सर," तो म्हणाला आणि पुन्हा पाय आपटून दाखवला.

बोहाड्याच्या दिवशी तो घरी आला. घरून सोंग निघायचं म्हणजे नारळ फोडायचा, वाजंत्र्यांसाठी चहा-साखर द्यायची आणि सोंगाला साडी द्यायची. मंगलने कपाटातून तिच्या आईची नऊवारी काढली. जांभळी. बरं, मोरपंखी.

"ही आईची," ती म्हणाली. "जावई पसंत करताना तिने सगळा विचार केला होता, पण एवढा नव्हता केला."

"मंगल, मी हे जानकीबाईंसाठी करतोय."

"हो, हो. गोळी घेतलीत ना रक्तदाबाची?"

मग रात्री जीपने बाईंच्या गावी गेलो. माझी पाळी पहाटेची. उजाडता उजाडता राम-लक्ष्मणाचं सोंग येतं, त्याच्या आधी त्राटिका. काशीनाथने मला साडी नेसवली, कमरेला दोरी आवळली आणि मुखवटा चढवला. आता एक बारीकशी गोष्ट आम्ही दोघंही विसरलो होतो. चष्मा. चष्म्याशिवाय मला दोन हातांपलीकडचं दिसत नाही. म्हणून तो आतच ठेवला, आणि पहिल्याच उच्छ्वासाला काचांवर धुकं धरलं. मुखवट्याची भोकं गालांवर, डोळ्यांपुढे धुकं आणि कानात संबळ.

"सर, मी कोपरापाशी हाय," काशीनाथचा आवाज आला. "घाबरू नका."

राक्षसिणीला असं सांगावं लागल्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग असेल.

मी निघालो. पाय आपटला, मान झटकली. लोक ओरडले. मला जरा धीर आला. मग धावून जायची वेळ आली आणि मी धावलो. समोर काहीतरी मऊ आलं. एक आजी होती.

माझ्या तोंडून निघून गेलं, "सॉरी, सॉरी. लागलं नाही ना?"

सत्तर वर्षांची सवय हो. ती काय मुखवटा घातल्याने जाते?

आजीने मुखवट्याकडे वर पाहिलं. मग आजीच म्हणाली, "अगो बाय, त्राटिका माफी मागते."

हशा उसळला. मी गोंधळलो, उजवीकडे वळलो आणि संबळवाल्यावर गेलो. "माफ करा हं." डावीकडे कोणाचा तरी पाय आला. "क्षमा करा, दिसत नाही मला." गर्दी मागे सरकायच्या ऐवजी पुढे यायला लागली. लोक मुद्दाम वाटेत उभे राहात होते. काशीनाथ कानाशी सारखा सांगत होता, "सर, बोलू नका, सर, राक्षसीण बोलत नाय," आणि मी त्यालाही सॉरी म्हणत होतो.

शेवटी राम आला. त्याने बाण मारला. आता त्राटिकेने धाडकन पडायचं असतं. पण पडल्यावर उठायचं कसं, याचा सराव आम्ही केलाच नव्हता. मी उभाच. रामाने दुसरा बाण मारला. मग तिसरा. मग राम जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, आता मरा ना. मागं मारुती खोळंबलाय."

"गुडघा," मी म्हणालो. "काशीनाथ, जरा हात दे."

आणि त्राटिका काशीनाथच्या खांद्याला धरून, आधी एक पाय, मग दुसरा, मग "आई गं" म्हणून जमिनीवर बसली आणि तिथून सावकाश आडवी झाली. माझ्या कानावर टाळ्या आल्या. मी डोळे मिटून घेतले. वाटलं, संपलं. बाईंचा मान घालवला आपण. देवाचं काम होतं, त्याची नाटक कंपनी केली.

मुखवटा काढला तर समोर जानकीबाई. डोळे पुसत होत्या. "बाई, मला क्षमा करा," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मान ऱ्हायला, बाबा. पुढच्या वर्षी बी ये."

पुढच्या वर्षी बी ये! घ्या.

मी गेलो. मधली रोगराईची वर्षं बोहाडा बंद होता, तेवढी सोडली तर एकूण चारदा मी त्राटिका नाचलो. दर वर्षी महिनाभर आधीपासून झोप उडायची, दर वर्षी एखादी थप्पी पडायची. पण सॉरी म्हणणाऱ्या त्राटिकेचं नाव झालं होतं. मोखाड्याच्या बाजारात अनोळखी बाई मला थांबवून म्हणायची, "एकदा सॉरी म्हण ना." दाभोशाहून लोक जीप करून यायचे. मी मनाशी म्हणायचो, माझी फजिती होते तर होऊ दे, एका घरचा मान राहतोय.

मग उजवा गुडघा कायमचा रुसला. डॉक्टरांनी नाचच काय, जिनासुद्धा बंद केला. मी काठी टेकत जानकीबाईंच्या घरी गेलो. वाटेत चार वाक्यं पाठ केली होती. परंपरा, जबाबदारी, माझी असमर्थता, असं सगळं. बाई दारात नाचणी पाखडत होत्या. मी वाक्यं म्हटली. सूप क्षणभर थांबलं.

"मग काय झाला," त्या म्हणाल्या. "आथां काशीनाथ नाचंल."

"काशीनाथ? त्याला जमेल?"

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. आजारी माणसाकडे बघतात तसं. "जमंल म्हणजे? पंधरा वरसां तोच नाचायचा. तू आलास नि त्याचा सोंग घेतलास."

"पण तुमचे यजमान..."

"त्याला ढोलाचा आवाज सोसायचा नाय. तो घरात बसून चहा करायचा वाजपवाल्यांना."

मी उंबऱ्यावरच बसलो. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली होती, तरी.

"बाई, मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"आमाला वाटला, तुझी हौस हाय." सूप पुन्हा हलायला लागलं. "म्हातारा माणूस, एवढा शिकलेला, गोदामात एकटा उड्या मारतो. नाय कसा म्हणायचा?"

कारखान्यावर आलो. काशीनाथ वाळलेले ट्रे उचलत होता.

"काशीनाथ, पंधरा वर्षं तू नाचायचास?"

"हां, सर."

"मग मी म्हटलं मला शिकव, तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारला कुठं, सर? सांगितलात."

"वाईट नाही वाटलं तुला?"

"पहिल्या वर्षी वाटला. मग तुमचा सोंग बघितला." त्याने ट्रेची थप्पी नीट केली. "मी पंधरा वरसां लोकांना घाबरवत होतो, सर. कोणी दाभोशाहून जीप करून नाय आला."

घरी गेलो आणि वही शोधली. निदान एवढं तरी सिद्ध करायचं होतं, की दोष माझा नाही, कोणीतरी मला चुकीची माहिती दिली आणि मी ती प्रामाणिकपणे टिपून घेतली. मंगलने माळ्यावरच्या ट्रंकेतून वही काढून दिली. ओळ जशीच्या तशी होती: 'मुखवटा ज्याच्या घरी, सोंग त्यानेच नाचायचं.' एवढी आठवण तरी माझी खरी निघाली. वाक्य पानाच्या अगदी तळाशी होतं. त्या दिवशी मी इथेच वही मिटली होती. आता पान उलटलं.

मागच्या बाजूला पहिल्याच ओळीत, माझ्याच अक्षरात, कंसात लिहिलेलं होतं: 'हा माझा अंदाज. काशीनाथला विचारणे.'